जनरलसाहेबांचं मानपत्र

सोलापूर,
८ जानेवारी १९७८

चि. गुरुलिंग यास,
अनेक आशीर्वाद.

काल सत्कार समितीची सहा माणसं माझ्या घरी आली. चपला काढायच्या आधीच अध्यक्ष शंकरप्पा म्हणाले, "बाई, तुमचा भाचा मेजर जनरल झाला, सबंध सैन्याची विमानं त्याच्या हाताखाली आली, आणि सोलापूरनं गप्प बसायचं?" मी म्हटलं, सोलापूर गप्प कधी बसलं आहे, ते सांगा. हसले, पण बसले. चहा दोनदा झाला.

१९ मार्चला, रविवारी, तुझा जाहीर सत्कार ठरला आहे. मानपत्र मी लिहायचं आहे. कारण काय, तर बाईंचं मराठी चांगलं आणि बाईंनीच मुलाला वाढवलं. त्यांनी नमुना म्हणून एक जुनं मानपत्र आणलं होतं. त्यात तेजस्वी तारा होता, गरुड होता, भारतमाता होती आणि माणूस कुठेच नव्हता. असलं काही मी लिहिणार नाही. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर आम्हाला सांगत, आधी काय घडलं ते लिहा, विशेषणं उरलेल्या जागेत. मी तेहतीस वर्षं मुलांना हेच शिकवलं.

तेव्हा मला काय घडलं ते कळव. सालवार कळव. समितीतल्या एकालाही तू वायुसेनेत आहेस की तोफखान्यात, हे माहीत नाही. खरं सांगायचं तर मलाही ते नीट सांगता येत नाही, आणि याची मला लाज वाटते. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तेव्हापासून तुझ्या सदऱ्याची प्रत्येक गुंडी मला ठाऊक होती. पुढची तीस वर्षं मात्र नुसती खुशालीच्या पत्रांवर गेली.

लवकर लिही. शेजारी मागांचा खडखडाट चालू असतो, मला लिहायला वेळ लागतो.

तुझी,
रुद्राणीआत्या


नवी दिल्ली,
२३ जानेवारी १९७८

ती. आत्यास,
शरणार्थ.

पत्र मिळाले. सत्कार वगैरे नको होते, पण शंकरप्पांनी तारीखही कळवली आहे, तेव्हा येतो.

मी तोफखान्याचा माणूस. १९४७ साली अधिकारी झालो. तोफ डागणाऱ्याला आपला गोळा कुठे पडला ते दिसत नाही. मध्ये टेकडी असते, झाडे असतात. म्हणून तोफखान्याचेच काही अधिकारी उडायला शिकतात. विमान लहान, दोन माणसांचे, त्यावर एकही बंदूक नसते. वरून बघायचे आणि खाली बिनतारीवर सांगायचे: शंभर यार्ड डावीकडे, पन्नास पुढे. एवढेच काम. मी १९५२ साली शिकलो आणि छातीवर पंख लावले.

१९६५ च्या लढाईत शत्रूच्या तोफांवर दोन तास घिरट्या घातल्या. पंखाला अकरा भोके पडली. त्याबद्दल पदक मिळाले. १९७१ साली अशा विमानांची तुकडी माझ्याकडे होती. गेल्या नोव्हेंबरात मेजर जनरल झालो. आता मुख्यालयात बसून सैन्याच्या सगळ्या छोट्या विमानांचे आणि हेलिकॉप्टरांचे बघतो. स्वतः उडणे जवळपास संपले.

मानपत्राला इतके पुरे. बाकी तुझी प्रकृती? शेंगाची चटणी पोचली. ऑफिसात फस्त झाली.

तुझा,
गुरुलिंग


सोलापूर,
६ फेब्रुवारी १९७८

चि. गुरुलिंग,

अकरा भोकं पडली हे मला तेरा वर्षांनी कळतं. तेव्हाच्या पत्रात तू "इकडे हवा छान आहे" असं लिहिलं होतंस. असो. आज त्यासाठी भांडत नाही. आज दुसरं कारण आहे.

मानपत्रात तुझ्या हाताखालच्या एखाद्या माणसाचे दोन शब्द असावेत, असं मला वाटलं. तू पंजाबातून लिहायचास, आमच्या धावपट्टीवर मंद्रूपचा एक महिपती आहे, त्याच्याशी आपल्याकडचं बोललं की बरं वाटतं. मंद्रूप काही लांब नाही. शुक्रवारी एसटीने गेले. बाजाराचा दिवस होता. महिपतीचं घर विचारलं तर पेरूवाला म्हणाला, "कोन, उलट्या व्हय? त्या लिंबाच्या म्होरं."

मला वाटलं, डावखुरा असेल.

माणूस साठीचा, ताठ. तुझं नाव सांगितल्यावर उठून उभा राहिला. "सायेब जनरल झालं?" तीनदा विचारलं. मग त्याने अंगणात दोन काठ्या टाकून मला तुमचं काम दाखवलं. "ह्यो लांब दांडा, ह्यो त्याच्या डोस्क्यावर आडवा. पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या, खुंट्या मारून जमिनीवर. वारा हिकडनं आला की आडवा हिकडं. वारा फिरला की पळत जाऊन कापड फिरवायचं. इमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. पाठीवर वारा घेऊन उतरलं की मेलं." सहा वर्षं त्याचं हेच काम होतं. ऊन, पाऊस, धूळ, काही असो, वारा बघायचा आणि कापड फिरवायचं.

तेवढ्यात त्याची बायको सोजरबाई पाणी घेऊन आली. मी कोण ते कळल्यावर तांब्या माझ्यासमोर आदळला.

"तुमच्याच सायबाचं इमान ह्येंनी पाडलं म्हनत्यात न्हवं? कापड उलटं टाकलं म्हनत्यात. एकवीस वर्सं झाली. बाजारात गेलं की 'उलट्याची बायकू आली, तिचं माप उलटं धरा' म्हनत्यात."

"गप की," महिपती म्हणाला.

"एकवीस वर्सं गप हाय."

मी त्याचं डिस्चार्जचं पुस्तक मागून घेतलं. ९ मार्च १९५७. विमान पट्टीच्या टोकाला जाऊन नाल्यात पडलं. वारा फिरूनही हवालदार महिपतीने कापड फिरवलं नाही. बाहीवरच्या तिन्ही फिती काढून घेतल्या. त्याच वर्षी घरी. वैमानिक कॅप्टन गुरुलिंग धनशेट्टी, किरकोळ जखमी.

मी विचारलं, "तुम्ही खरंच विसरलात?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कागदावर तसंच हाय."

विसरलेल्या मुलाचं तोंड कसं होतं आणि दुसऱ्याचं नाव लपवणाऱ्याचं कसं होतं, एवढं मला शाळेने शिकवलं आहे. काय झालं होतं त्या दिवशी? सत्काराला माजी सैनिकांना पुढच्या रांगेत बसवणार आहेत. त्या यादीत महिपतीचं नाव नाही. का नाही, ते मला कळव.

आत्या


नवी दिल्ली,
१५ फेब्रुवारी १९७८

ती. आत्यास,
शरणार्थ.

तू मला न विचारता मंद्रूपला गेलीस, हे मला आवडले नाही.

तो लहानसा अपघात होता. असे अपघात होतात. रीतसर चौकशी झाली, तीन अधिकारी बसले होते, निकाल लागला. महिपती चांगला माणूस होता, पण त्या दिवशी त्याच्याकडून चूक झाली. सैन्यात चुकीला शिक्षा असते. मला त्याच्याबद्दल वाईट वाटले आणि आजही वाटते. पण एकवीस वर्षांपूर्वीची फाईल आता उघडून कोणाचेच भले होणार नाही.

तू मानपत्र लिही. नाही तर शंकरप्पांना लिहू दे. त्यांना तारे आणि गरुड येतात.

गुरुलिंग


सोलापूर,
२० फेब्रुवारी १९७८

गुरुलिंग,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि उभ्यानेच ट्रंक उघडली. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. १९५७ च्या गठ्ठ्यात २ मार्चचं पत्र सापडलं. अपघाताच्या बरोबर सात दिवस आधीचं. तुझेच शब्द उतरवते:

"इथे सगळे वैमानिक उतरण्याआधी पट्टीवरून एक फेरी मारतात आणि कापड कसे आहे ते बघतात. तसा नियमच आहे. मला त्याची गरज पडत नाही. सकाळी बघून निघालो की दिवसभर डोळ्यांत राहते. बाकीचे फेऱ्या मारत असतात तोवर माझा चहा झालेला असतो."

वाच पुन्हा. मोठ्याने वाच. दिल्लीच्या ऑफिसात दार लावून वाच.

आता मी सांगते काय झालं. सकाळी कापड एका बाजूला होतं. दुपारी वारा फिरला आणि महिपतीने, सहा वर्षं फिरवत होता तसं, ते फिरवलं. तू परत आलास, फेरी मारली नाहीस, खाली बघितलं नाहीस, सकाळच्याच बाजूने सरळ उतरलास. वारा पाठीवर होता. नाल्यात गेलास. आणि मग तीन अधिकाऱ्यांसमोर तू त्या माणसाला पुढे केलंस.

चुकलं असेल माझं, तर एका ओळीत कळव. नसेल चुकलं, तर मला "रीतसर" हा शब्द पुन्हा लिहू नकोस. मी हेडमास्तरीण होते. रीतसर केलेली पापं मी कपाटं भरून बघितली आहेत.

मला राग कशाचा येतो सांगू? तू भित्रा असतास तर मी गप्प बसले असते. भित्र्याकडून काय मागायचं! पण तू दोन तास तोफांवर घिरट्या घातल्यास. अकरा भोकं घेऊन परत आलास. तोच माणूस मंद्रूपच्या एका म्हाताऱ्यासमोर एकवीस वर्षांत पाच मिनिटं उभा राहू शकला नाही?

रुद्राणी


नवी दिल्ली,
२ मार्च १९७८

आत्या,

तुझे चुकलेले नाही. अर्धेच कळले आहे तुला.

मी महिपतीला पुढे केले नाही. मी त्याला विनंती केली. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या तंबूत गेलो. म्हणालो, फेरी मारली नाही हे सिद्ध झाले तर माझे पंख काढून घेतील, मी पुन्हा कधी उडणार नाही. तू म्हण, फिरवायचे राहिले. तुला फार तर ताकीद मिळेल, मी बघतो.  तो म्हणाला, "चालतंय की सायेब. आपल्या सोलापूरचं येकच मानूस वर हाय." त्याच्या फिती गेल्या तेव्हा मी तोंड उघडायला हवे होते. आठवड्याने माझी बदली झाली. आधी रोज वाटायचे लिहावे. मग महिन्यातून एकदा. मग वर्षातून.

हे तुला हवे होते, दिले.

आता तूही थोडे ऐक. माझा जन्म १९२५ च्या श्रावणातला. शाळेच्या नोंदवहीत १ जून १९२७ आहे. ती तारीख तुझ्या अक्षरात आहे. मला पहिलीत घालताना तूच वर्गशिक्षिका होतीस. खऱ्या तारखेने गेल्या ऑगस्टमध्ये मला बावन्न पूर्ण झाली. ब्रिगेडियरला बावन्नाव्या वर्षी निवृत्त करतात, म्हणजे मी तेव्हाच घरी आलो असतो. जनरल झालो तो नोव्हेंबरात. म्हणजे तू ज्याचे मानपत्र लिहायला बसली आहेस तो जनरल तूच तयार केलास, दौतीत टाक बुडवून. माझ्या कारकिर्दीतले पहिले खोटे माझे नाही.

तेव्हा मला शिकवताना जरा बेताने.

गुरुलिंग


सोलापूर,
८ मार्च १९७८

गुरुलिंग,

हो, मी लिहिली ती तारीख. तेव्हा सगळेच लिहीत. मुलगा पुढे सरकारी नोकरीत गेला तर दोन वर्षं जास्त मिळतील, असं प्रत्येक बाप येऊन मास्तरांच्या कानात सांगायचा. तुझा बाप नव्हता, म्हणून मीच मला सांगितलं आणि मीच ऐकलं. त्या रात्री मी शांत झोपले, हेही लिहून ठेवते. आईवेगळ्या पोराला दोन वर्षं देतेय असं वाटलं. त्या दोन वर्षांत तू काय करशील, हे मला कोण सांगणार होतं?

पण तू ते मला गप्प करायला काढलंस. मी तुला वाढवलं आहे, गुरुलिंग. तू माझा हात पिरगाळायला बघतोस हे तिसऱ्या ओळीतच कळलं.

तर आज सकाळी मी तुझ्या मुख्यालयाला रजिस्टर पत्र पाठवलं आहे. माझं नाव, शाळेचं नाव, वर्ष, नोंदवहीतला क्रमांक आणि खरी तारीख. शिक्षिकेने खोटी नोंद केली, मुलगा सहा वर्षांचा होता, त्याने काही केलं नाही. काय शिक्षा असेल ती माझी. सत्तरीत मला कुणी वर्गाबाहेर उभं केलं तर उभी राहीन. तुझा हुद्दा गेला तर माझ्यामुळे गेला, हे मान्य. माझं खोटं होतं, ते मी परत घेतलं. तुझं तुझ्याकडे आहे.

मानपत्रही तयार आहे. शंकरप्पांना अजून दाखवलेलं नाही. शेवटचा परिच्छेद असा:

"९ मार्च १९५७ रोजी कॅप्टन धनशेट्टी यांनी नियमाची फेरी न मारता विमान उतरवले व ते नाल्यात घातले. जमिनीवरचे कापड बरोबर होते. ते हवालदार महिपती, राहणार मंद्रूप, यांनी वेळेवर फिरवले होते. कॅप्टनसाहेबांच्या विनंतीवरून त्यांनी दोष आपल्यावर घेतला. आज आपण ज्यांचा सत्कार करीत आहोत ते त्या दिवसानंतर वीस वर्षे उडू शकले, ते या गृहस्थांमुळे."

एक विशेषण नाही. १९ तारखेला तू व्यासपीठावर असशील आणि मी हे वाचीन. मध्ये उठून जायचं असेल तर जिना डावीकडे आहे.

रुद्राणी


नवी दिल्ली,
१४ मार्च १९७८

आत्या,

सत्कार रद्द करायला शंकरप्पांना तार केली आहे. शहरातल्या टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर हे वाचून महिपतीचे काही होणार नाही. त्याला मंद्रूपमध्ये राहायचे आहे.

मंद्रूपच्या सरपंचांना पत्र पाठवले आहे. बाजाराच्या दिवशी चावडीसमोर मोठ्याने वाचावे, असे लिहिले आहे. त्यात तू लिहिलेस तेच आहे, माझ्या सहीने आणि हुद्द्याने. प्रत मुख्यालयाला दिली, म्हणजे त्याची जुनी नोंद तपासतील. निवृत्तीचा अर्जही त्याच लिफाफ्यात आहे. तुझ्या रजिस्टर पत्रावरून त्यांनी मला काढायची वाट बघण्यापेक्षा हे बरे.

हे तुझ्या धमकीमुळे केलेले नाही, असे लिहिणार होतो. पण आणखी एक खोटे कशाला?

मला काही दिवस लिहू नकोस.

गुरुलिंग


सोलापूर,
२६ मार्च १९७८

गुरुलिंग,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. हा निरोप माझा नाही, दुसऱ्याचा आहे, म्हणून.

परवा मंद्रूपचा बाजार होता. मी सकाळच्या एसटीने गेले. सरपंचांनी चावडीच्या ओट्यावर उभं राहून तुझं पत्र वाचलं. चष्मा विसरले होते, म्हणून निम्मं तलाठ्याने वाचलं. "कापड बरोबर होते" या शब्दांना पेरूवाल्याने तराजू खाली ठेवला. लोक महिपतीकडे वळले. एकाने त्याच्या डोक्यावर गुलालसुद्धा टाकला. कुठून आणला कुणास ठाऊक.

मला वाटलं, तो रडेल. तो संतापला होता. गुलाल झटकत सरळ माझ्याकडे आला.

"बाई, तुमी शिकलेल्या. येक सांगा, तुमाला कुनी इचारलं हुतं का?"

मी म्हटलं, "अहो, तुमचं नाव..."

"माजं नाव मी दिलं हुतं. भिऊन न्हाय दिलं. कुनी बी काय बी म्हनू दे, वर इमान दिसलं की मला ठावं हुतं, ते मी ठिवलंय वर. पासष्ट सालात सायबाला मेडल मिळालं तवा मी एकट्यानं पेढं खाल्लं. आता काय ऱ्हायलं माज्याकडं? सायेब बी खाली, मी बी खाली."

गुरुलिंग, मी त्याला बिचारा समजत होते. दोन महिने तुझ्याशी भांडले ते एका बिचाऱ्यासाठी. तो तर आपल्या दोघांपेक्षा ऐटीत जगत होता, आणि ती ऐट मी चावडीवर मोडून टाकली.

माझ्या वतीने उत्तर दिलं ते सोजरबाईने. ती ज्वारीच्या पोत्याला टेकून बसली होती. उठली आणि पदर खोचून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुमी वर बगत हुता. मी हितं बाजारात हुते. मला कदी सांगितलं का, की आपन दोगांनी मिळून ठिवलाय सायबाला वर? सांगितलं असतं तर मी बी बगितलं असतं वर. एकट्यानं पेढं खाल्लं म्हनं!"

 आसपासचे चार लोक हसले, तर तिने त्यांनाही असं झाडलं की ते शब्द मी लिहीत नाही. मग तिने पिशवी उचलली आणि बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक पालावर थांबत, प्रत्येक भाव पाडत गेली. काही घेतलं, बरंच घेतलं नाही. मी मागून चालत होते. महिपती लिंबाखाली जाऊन बसला तो बसलाच.

मी निघताना तिला विचारलं, साहेबांना काही सांगायचं आहे का? मला वाटलं होतं, आता तरी ती मऊ होईल.

ती म्हणाली, "म्हनावं, कागद मिळाला. आता मानूस येऊ द्या."

आत्या